हनुवटीखालचा तळवा

मला गळ्यापर्यंत शेणात गाडलं होतं आणि माझ्या बाजूला माझी जाऊ वच्छला तशीच गाडलेली होती. अंग माझं राहिलं नव्हतं. हात हलवावा म्हटलं तर हात कुठे आहे तेच कळेना. कानात एकसारखी शिट्टी वाजत होती आणि मान पुढे पडत होती. खड्ड्यातलं शेण पावसाच्या पाण्यानं पातळ झालेलं. मान पडली की आधी हनुवटी बुडायची, मग ओठ. एकदा नाकापर्यंत आलं. तेव्हा वाटलं, विजेनं मेले असते तर बरं झालं असतं, शेणात बुडून मरणं काही खरं नाही. आमच्या गावदेवीला, मातामायला, मी मनातल्या मनात चांगलं सुनावलं. दर मंगळवारी तुझ्या ठाण्यावर पाणी घालते, ते यासाठी काय?

आमचं गाव भंडाऱ्याकडे, करडी गावाच्या पलीकडे, धानाचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. आम्ही चौघी शेताच्या एकाच बांधीत पऱ्हे, धानाची रोपं, लावत होतो. मी, वच्छला आणि शेजारच्या सीता आणि भागरता. आभाळ गडगडलं तशा आम्ही धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिलो. झाडाखाली जाऊ नये हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. वीज त्याच झाडावर पडली. सीता आणि भागरता जागीच गेल्या. वच्छलेत आणि माझ्यात धुगधुगी होती. आमच्याकडे समज अशी, की शेण अंगातली वीज ओढून घेतं. म्हणून माणसांनी धावपळ करून आम्हा दोघींना खताच्या खड्ड्यात उभं गाडलं आणि वरून ताजं शेण लोटलं. त्यांनी ते जीव तोडून केलं. माझा दीर, वच्छलेचा नवरा, तर रडत रडत शेण आणत होता. पुढे भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं की यानं काही होत नाही, उलट वेळ जातो, त्या वेळात माणूस दवाखान्यात पोहोचला असता. आता कोणी असं करू नये. पण तेव्हा त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

मग माणसं बंडी जुंपायला आणि आणखी शेण आणायला गेली. बाया लांब धुऱ्यावर उभ्या राहून रडत होत्या. वीज लागलेल्याला हात लावला तर आपल्यालाही लागते, असं त्यांना भेव होतं. त्या वेळी रस्त्यावरून जाणारी एक बाई खाली उतरली. डोक्यावरची टोपली तिनं बाजूला ठेवली, लुगड्याचा काचा खोचला आणि खड्ड्याच्या काठाला आमच्या दोघींच्या मधे उकिडवी बसली. तिनं एक तळवा माझ्या हनुवटीखाली ठेवला, दुसरा वच्छलेच्या. हात खरबरीत होता. तिच्या तोंडाला गुडाखूचा, दात घासायच्या तंबाखूचा, वास येत होता. आणि ती बोलायला लागली. देवाचं नाव नाही, रडणं नाही. बैल किती आहेत, विहिरीला पाणी गोडं आहे की खारं, घर कोणत्या तोंडाचं आहे. जसं काही बाजारात भेटली. मला उत्तर देता येत नव्हतं, पण ती विचारायची आणि माझं मन घराकडे जाऊन बघून यायचं. दरवाजा उगवतीकडे. बैल दोन, एक मारका.

आधी मी मान ताठ धरायची धडपड करत होते. ती म्हणाली, "बाई, सोड मान. मी धरून आहो." मी सोडली. सगळं डोकं तिच्या हातावर टाकलं. त्यानंतर मला बुडायचं भेव वाटलं नाही.

मग तिनं वच्छलेला विचारलं, "आज काय रांधलं होतं वो?"

वच्छला तोवर एक शब्द बोलली नव्हती. डोळे अर्धे मिटलेले होते. थोड्या वेळानं तिचे ओठ हलले. "तरोट्याची भाजी," ती म्हणाली. "पोरीसाठी झाकून ठेवली."

बस, एवढंच. बंडी आली तेव्हा वच्छला गेलेली होती. तरीही त्या बाईनं तिचं डोकं सोडलं नव्हतं. माणसांनी मला ओढून बाहेर काढलं, त्या गडबडीत ती उठून निघून गेली. माझ्या नवऱ्यानं नंतर बाजारात विचारलं, आजूबाजूच्या गावांत विचारलं. टोपली घेऊन जाणारी तशी बाई कोणाच्या ओळखीची निघाली नाही. गावात म्हणायला लागले की मातामायच आली होती. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला तेव्हा देवीचा रागच होता. आली होती तर दोघींना का नाही काढलं? मी ठाण्यावर पाणी घालणं बंद केलं.

वच्छलेची पोर रेखा तेव्हा चार-पाच वर्षांची. दिरानं दुसरं लग्न केलं नाही आणि पोर माझ्याच हाताखाली वाढली. मला आपलं लेकरू नव्हतं. ती मला मोठीमाय म्हणायची. तिला सगळ्यांनी सांगितलं होतं की तुझी आई जागीच गेली, तिला काही कळलं नाही. लहान पोरीला तेच सांगतात. त्या खड्ड्याचं कोणी बोलत नसे, मीही नाही. आभाळ गडगडलं की माझ्या हातातलं भांडं पडायचं, मी घरात जाऊन भिंतीला पाठ लावून बसायची, आणि रेखा येऊन माझ्याजवळ बसायची. आमच्या दोघींचं पावसाळ्यातलं ते ठरलेलंच होतं. आता आठवलं की बरं वाटतं. तेव्हा तसं वाटत नव्हतं.

पोर हुशार. करडीच्या शाळेत शिकली, मग भंडाऱ्याला. मी चौथीपर्यंतची, मला तिचं शिक्षण कोणत्या यत्तेत आहे तेही नीट सांगता यायचं नाही. बी.ए. झाल्यावर ती नागपूरला समाजकार्याच्या कॉलेजात गेली, एम.एस.डब्ल्यू. करायला. गावात एकानं विचारलं, समाजाचं काम करायला कॉलेज कायले लागते? मी म्हटलं, तुमच्यासारखे न शिकता करतात म्हणून ते असं बिघडते. तिनं विषय घेतला होता आघाताचा. हा शब्द मी तिच्याकडूनच शिकले. आमच्याकडे जीव धसकला म्हणतात. पूर, आग, वीज यांतून जी माणसं उरतात, त्यांच्याबरोबर कसं बसायचं, हे तिला शिकायचं होतं. कारध्याच्या नदीवरच्या पुलावरून तिची एस.टी. यायची, सुट्टीत. मी तिच्यासाठी धानाच्या लाह्या करून ठेवायची आणि ती हॉस्टेलच्या पोरींच्या नकला करून दाखवायची. घर भरल्यासारखं वाटायचं.

शेवटच्या वर्षी ती सुट्टी नसताना आली. बरोबर पेटी होती. पेटी पाहिली आणि मी समजले की ही सोडून आली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सुपात तांदूळ पाखडत बसले होते, तेव्हा तिनं सांगितलं. तिला कामासाठी एका गावात पाठवलं होतं. तिथं एका बाईची बहीण विजेनं गेली होती. ती बाई कोणाशी बोलत नव्हती. रेखा तिच्यासमोर बसली, तर त्या बाईनंच विचारलं, तुझं कोणी असं गेलं काय? रेखा उठली आणि चालत बस स्टँडवर आली.

"मले होत नाही मोठीमाय," ती म्हणाली. "मले माझ्या मायचंच काही माहीत नाही, मी दुसऱ्याचं काय ऐकू?"

मी विचारलं, त्या कॉलेजात शिकवतात तरी काय? ती चिडून म्हणाली, "काही नाही. जवळ बसा. पडत असेल तर आधार द्या. रडू नको म्हणू नका. मोठं काही विचारू नका, आज काय रांधलं ते विचारा, म्हणजे माणूस घराकडे परत येते."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. एवढ्या वर्षांनी रेखा माझ्या तोंडासमोर बसून खड्ड्याकाठच्या त्या बाईचेच शब्द सांगत होती. मी कधी कोणाला सांगितले नव्हते. माझ्या हनुवटीला तो खरबरीत हात लागल्यासारखा झाला. अंगावर काटा वगैरे आला असं मी म्हणणार नाही. पण सांगायची वेळ आली हे मला स्वच्छ कळलं.

मी सगळं सांगितलं. तिची आई जागीच गेली नव्हती, हेही सांगितलं. मला वाटलं होतं पोर मोडेल. ती तांदळाचे दाणे एकेक उचलून सुपात टाकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माय एकटी नव्हती."

"नव्हती," मी म्हटलं. "डोकं त्या बाईच्या हातात होतं शेवटपर्यंत."

"आणि भाजी माझ्यासाठी म्हणाली?"

"तुझ्यासाठीच. दुसरी पोर कुठं होती तिले?"

ती हसली आणि मग रडली, मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी. मी रडू नको म्हटलं नाही. तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हटलं, सोड. त्या दिवशी झाकून ठेवलेली ती भाजी तुला रात्री मीच भरवली असती, पण मी दवाखान्यात होते, तुझ्या आजीनं भरवली. तिला आठवत नव्हतं. कसं आठवणार.

दुसऱ्या दिवशी पेटी परत एस.टी.वर चढली. बहीण गेलेल्या त्या बाईकडे ती पुन्हा गेली, आणि तिनं काय विचारलं हे मला सांगायची गरज नव्हती. पास झाली तेव्हा डिग्रीचा कागद मातामायच्या ठाण्यावर ठेवायला घेऊन आली. मी तो लगेच उचलला, कारण तिथं बकऱ्या फिरतात. पण त्या मंगळवारी मी लोटाभर पाणी नेलं आणि पुष्कळ वर्षांनी घातलं. तेव्हापासून चुकवलेलं नाही.

ती बाई कोण होती, मला माहीत नाही. देवी गुडाखू घासत असेल तर घासो, माझी हरकत नाही. आणि ती साधी बाई असेल, बाजाराला उशीर करून शेणातली दोन डोकी धरून बसलेली, तर तिलाही माझा नमस्कार. मला पोथी वाचता येते पण समजत नाही. भक्तीचं मला एवढंच कळतं, की आपली मान आपल्याला धरवत नाही अशी वेळ येते, आणि तेव्हा धडपड न करता ती सोडावी. खाली तळवा असतो. वच्छलेच्या खालीही होता, तरीही ती गेली. म्हणजे तळवा वाचवायला असतोच असं नाही. धरायला असतो. हे समजायला मला सतरा-अठरा वर्षं आणि एक शिकलेली पोर लागली.

आता मी म्हातारी झाले. रेखा अजून तेच काम करते. आभाळ गडगडलं की मी अजूनही घरात भिंतीला पाठ लावून बसते. लाज वाटत नाही.

मोहाखाली आम्ही चौघी होतो. सीता, भागरता, वच्छला आणि मी. वाचली ती मी.