गणंग

दहावीला विज्ञान शिकवताना फलनाचा भाग मी कायम दोन मिनिटांत उरकत आले. पोरं माना खाली घालून हसायची आणि मला घंटेआधी पुढचा मुद्दा गाठायचा असायचा. फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढायचं, त्यात शेपटीवालं टिंब घुसवायचं आणि म्हणायचं, "झालं फलन." मुलुंडच्या शाळेत अकरा वर्षं मी हे बिनदिक्कत सांगितलं. ते अर्धवट होतं, हे मला घाटकोपरच्या एका आयव्हीएफ क्लिनिकमध्ये कळलं, तेही माझ्याच बीजांच्या निमित्ताने.

पहिल्या खेपेला माझी नऊ बीजं निघाली. प्रयोगशाळेत त्या प्रत्येकात सुईने एकेक शुक्राणू सोडला होता, म्हणजे वाट चुकायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. नऊपैकी एकही बीज फलित झालं नव्हतं. मी फोनवरच्या बाईंशी वादच घातला. "अहो, शुक्राणू आत गेला होता ना? मग झालं नाही म्हणजे काय?" त्या म्हणाल्या, "मॅडम, डॉक्टर समजावून सांगतील." मी बाथरूममध्ये जाऊन भरपूर रडले. पण तोंड धुताना डोक्यात तोच प्रश्न घोळत होता. आत गेला, तर मग अडलं कुठे?

डॉक्टरीणबाई माझ्याहून वयाने लहान होत्या. त्यांनी कागदावर माझंच वर्तुळ काढलं, टिंब घुसवलं आणि पेन तिथेच थांबवलं. "इथे काहीच झालेलं नसतं," त्या म्हणाल्या. "बीज काम अर्धवट टाकून थांबलेलं असतं. शुक्राणू येताना एक प्रथिन आणतो. त्याने बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात, एकामागून एक, कित्येक तास. मग ते जागं होतं. तुमच्या बाबतीत ते जागंच झालं नसावं."

"पण का? प्रथिन आलं नाही, की बीजाला ते कळलं नाही?"

"ते आज सांगता येणार नाही."

मला आणखी दहा प्रश्न होते, पण नवरा टेबलाखालून माझी ओढणी ओढायला लागला. पुढच्या खेपेला शुक्राणू आत सोडल्यावर बीजं दहा-पंधरा मिनिटं एका द्रवात ठेवायची, असा उपाय त्यांनी सांगितला. त्या द्रवामुळे बीजात कॅल्शियम वाढतं. थोडक्यात, बीजाला बाहेरून हाक मारून उठवायचं. हे सगळ्यांना करत नाहीत आणि केलं तरी खात्री नाही, हेही त्यांनी बजावलं. "तरीही उठली नाहीत तर?" मी विचारलं. "तर मग दुसऱ्या कोणाचं बीज किंवा दुसऱ्या कोणाचे शुक्राणू, याचा विचार करावा लागेल." मला मूल आमच्या दोघांचं हवं होतं. दुसरं काही चालेल असं तेव्हा तोंडदेखलंही म्हणवलं नाही मला.

नाहूरला घरी आल्यावर सासूबाईंना हे सगळं ओट्यापाशी उभ्याने सांगितलं. त्या मूळच्या मालवणकडच्या. मुंबईत उभा जन्म गेला, पण बोली तीच. त्या ताटात मटकी निवडत होत्या.

"आत जावन पण उठला नाय?" त्या म्हणाल्या. "म्हंजे गणंगच ता!"

भिजत घातलेल्या कडधान्यात एखादा दाणा पाण्यात कितीही राहिला तरी टणकच राहतो. त्याला मोड येत नाही आणि उसळीत तो दाताखाली कचकन लागतो. तो गणंग. बिनकामाच्या माणसालाही आम्ही गणंग म्हणतो. त्यांच्या मनात काही नव्हतं, हातात मटकी होती म्हणून तोंडात ते आलं. पण माझी सटकलीच. "मी काय मटकी आहे का, आई?" असं ओरडून मी आत निघून गेले. नवरा डबा घासत सिंकपाशी उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई मला सकाळ-संध्याकाळ नाचणीची आंबील देऊ लागल्या. कॅल्शियम हा एवढा एक शब्द त्यांनी बरोबर उचलला होता. ते कॅल्शियम बशीतल्या बीजाला लागतं, माझ्या पोटाला नाही, असं मी समजावलं. "असांदे, पी गो," त्या म्हणाल्या. ही त्यांची माफी होती हे कळत होतं, म्हणून गुपचूप प्यायले.

दरम्यान माझ्यातली बाई जागी झाली होती. बाई म्हणजे शाळेतली. मोकळ्या तासाला मी जुन्या वह्यांच्या पाठीमागे वर्तुळं काढत बसायचे. आम्ही मुलांना शिकवतो की दोन कुंड्या घ्या, एकीला पाणी द्या, दुसरीला देऊ नका, नाहीतर पाण्याने काय केलं ते कळणार कसं? मग निम्मी बीजं द्रवात ठेवायची आणि निम्मी तशीच, असं केलं तर? द्रवातली उठली आणि दुसरी नाही, तर बीज ठीक होतं, निरोपच पोचला नव्हता, असा अंदाज बांधता आला असता. म्हणजे मी गणंग नाही, हे कळलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही जोडपी असं करतात. तुम्ही ठरवा आणि फॉर्मवर लिहा." मी खूश झाले. नवरा नुसतं "ठीक आहे" म्हणाला.

दुसऱ्या खेपेच्या दिवशी सकाळी फॉर्म माझ्या मांडीवर होता. मी पेनाचं टोपण काढलं.

"तुला मूल हवंय की रिझल्ट?" नवऱ्याने विचारलं.

"दोन्ही," मी फटकन म्हटलं. "का रे?"

तो चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होता. "यार, गणंग मीच निघालो तर?"

महिनाभर तो शब्द मी एकटीच अंगाला लावून फिरतेय, असं मला वाटत होतं. सिंकपाशी उभ्या असलेल्या माणसानेही तो ऐकला होता. मी डॉक्टरांना, पुस्तकांना, सगळ्या जगाला प्रश्न विचारले आणि शेजारी झोपणाऱ्याला एकही विचारला नाही. मला स्वतःची लाज वाटली. फॉर्मवर मी लिहिलं, ‘सर्व बीजं द्रवात ठेवा.’ शाळेतल्या बाईला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिला मी गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा आम्ही तिघं घरीच होतो. सात बीजं, त्यातली चार फलित. मी तीनदा "चार?" असं विचारलं. नवरा होता तिथेच फरशीवर बसला आणि रडू लागला. इतका, की सासूबाई घाबरल्या.

"आणि रवलेली तीन?" त्यांनी मला विचारलं.

"ती नाही उठली."

"चलताच. माझ्या मटकीतय निघतत."

या वेळी मला हसू आलं. ती तीन कोणामुळे राहिली हे आम्हाला कधीच कळणार नव्हतं. नवऱ्याने डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं, आणि न कळण्यातही सुख असतं हे मला पहिल्यांदा पटलं.

आता वर्गात मी वर्तुळात टिंब घुसवते आणि म्हणते, "अजून काहीच झालेलं नाही." पोरं चक्क माना वर करतात.

त्या चारांतली एक आज साडेतीन वर्षांची आहे. तिला बालवाडीसाठी उठवणं म्हणजे वाट लागते. हाका मारा, पंखा बंद करा, पांघरूण ओढा, ढिम्म हलत नाही. आतून सासूबाई ओरडतात, "उठला काय गो ता गणंग?" उशीर होत असतो, तरी मी मिनिटभर हाक न मारता तिच्याशेजारी बसून राहते. आधी एक पापणी थरथरते. मग बोटं हलतात. मग ती डोळे उघडून माझ्याकडे बघते. पहिल्यांदा त्या बशीत उठली तेव्हा मला बघायला मिळालं नव्हतं.