हँडल माहेरी गेलं

आमच्या मामंजींचा चोरांवर फार विश्वास होता. देव एखाद्या वेळी आपल्याला विसरेल, पण चोर विसरायचा नाही, असं त्यांचं मत. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मोहोळकडच्या आमच्या मळ्यात त्यांनी विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं, आणि लगेच शेजारच्या शिवारातलं एक इंजिन चोरांनी नटबोल्ट काढून बैलगाडीतून नेलं. तेव्हापासून मामंजींची झोप उडाली.

आधी त्यांनी इंजिनाला साखळदंड बांधला. चोरांनी साखळदंड नेला, इंजिन तिथंच ठेवलं. मग राखणीला कुत्रं आणलं, ते मामंजी सोडून कुणालाच चावलं नाही. मग भोवतीनं बाभळीच्या फांद्या लावल्या, तर सकाळी त्यांचंच धोतर काट्यात अडकायचं. शेवटी त्यांना हँडल सुचलं. इंजिन चालू करायला जे लोखंडी हँडल घालून गरगर फिरवतात, ते काम झालं की काढून घरी आणायचं. हँडलाशिवाय इंजिन चालू होत नाही, आणि बंद इंजिन विकत कोण घेणार? ज्याला एवढं धूड उचलता येतं त्याला लोहाराकडून एक हँडल करून घेता येणार नाही का, असं माझ्या मनात यायचं. पण सुनेच्या मनातलं सगळंच ओठांवर यायचं नसतं.

हँडल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण सासूबाई ठेवलेली वस्तू विसरायच्या आणि आमचे हे कुणी मागेल ते देऊन बसायचे. नियम मामंजींनीच घालून दिले. हँडल फडक्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवायचं, कुलूप लावून. द्यायचं ते फक्त त्यांच्या हातात, तेही घराच्या आत, दार लोटून. रस्त्यावर तर नाहीच नाही, कोण बघत असेल सांगता येत नाही. रोज सकाळी आम्ही सासरा-सून दार लोटून ती देवघेव करायचो, आणि मी पदर तोंडाशी धरून हसू दाबायची.

आता एक घरातलं दुखणं सांगते. हेच मामंजी माझ्या माहेरची पायरी चढत नव्हते. आमच्या लग्नात त्यांची पंगत बसली आणि बुंदी संपली. माझ्या वडिलांनी हात जोडले आणि घाबरून पानात गूळ वाढला. गुळानं आगीत तेल ओतलं. या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं म्हणून मामंजी पानावरून उठले. मला त्यांनी माहेरी जायला कधी अडवलं नाही, पण स्वतः कधी आले नाहीत. वडील मात्र तेव्हापासून दर दिवाळीला बुंदी पाडून घ्यायचे आणि डबा भरून फळीवर ठेवायचे. व्याही आले तर असावी म्हणून. भाऊबीज उलटेपर्यंत त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. मग वडील तो मुकाट्यानं खाली काढायचे. ती बुंदी मला कधी गोड लागली नाही.

हँडल माझ्याकडे आलं त्याच्या पुढच्या दिवाळीत पाडव्याला यांना ओवाळलं, आणि भाऊ मुराळी म्हणून मला न्यायला आला. ट्रंक भरताना हँडल हाताला लागलं. मी त्याच्यावर दोन लुगडी ठेवली आणि कुलूप लावलं.

भाऊबीजेच्या सकाळीच हे सायकल मारत सीना नदी ओलांडून आमच्या दारात हजर. कांद्याला पाणी द्यायचं होतं आणि हँडल नव्हतं. दुसऱ्या कुणाचं मागावं, तर आपलं जागेवर नाही हे गावभर झालं असतं, म्हणजे चोरांना अक्षत दिल्यासारखंच. मी यांना फराळाचं ताट दिलं, हँडल दिलं नाही. मामंजींचा नियम सांगितला. हे माझ्याकडे बघून हसले, दोन करंज्या जास्त खाल्ल्या आणि मोकळ्या हातांनी परत गेले.

दुपारी बैलगाडी दारासमोर थांबली. मामंजी उतरले आणि पायरीच्या अलीकडेच उभे राहिले. वडील अनवाणीच धावले, आत या म्हणाले. मामंजी समोरच्या लिंबाकडे बघत राहिले. हँडल बाहेर आणून दे, एवढंच मला म्हणाले. मी पदर सावरून उंबऱ्यात उभी राहिले.

"मामंजी, रस्त्यावर कसं देऊ? तुमीच सांगितलंय की, घरात द्यायचं, दार लोटून."

समोरच्या कट्ट्यावर चार म्हातारे बिड्या ओढत बसले होते. मामंजींनी मान वळवून त्यांना न्याहाळलं. त्या बिचाऱ्यांत त्यांना चार चोर दिसले असणार. इकडे शपथ, तिकडे सुकणारा कांदा आणि पाठीमागं चोर. मग त्यांनी वहाणा काढल्या आणि पायरी चढले.

मी दार लोटलं आणि हँडल त्यांच्या हातात दिलं. वळतात तो समोर पाट मांडलेला, ताटात बुंदीची रास. लग्नाचा विषय कुणी काढला नाही. मामंजी हँडल मांडीखाली दाबून पाटावर बसले आणि खाली मान घालून खाऊ लागले. वडील डबा हातात धरून उभेच होते. ताट रिकामं झालं.

"वाढा की, पाव्हणं," मामंजी म्हणाले.

वडिलांनी अख्खा डबाच ताटात उपडा केला, निम्मी बुंदी ताटाबाहेर सांडली. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

पुढच्या वर्षी मळ्यात वीज आली. विहिरीवर मोटर बसली, तिला बटण होतं. मामंजी आता फ्यूज काढून उशाखाली ठेवू लागले. जुनं इंजिन गोठ्यात पडलं आणि त्यावर कोंबड्या बसू लागल्या. दिवाळीला भाऊ न्यायला आला. मी ट्रंक भरत होते, तेवढ्यात मामंजी आत आले, मागं दार लोटलं आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड माझ्या हातात दिलं.

"माहेरी घेऊन जा. चोरांचे दिवस हायत," ते म्हणाले. "भाऊबीजेला मी येतो न्यायला."

मी मान खाली घालून "व्हय" म्हटलं आणि हँडलावर दोन लुगडी ठेवली.