थप्पीआडचं यंत्र

रोझेर डेगलचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर नसे. चुलीतला विस्तव मंदावला की घराचं लाकूड आकसून तडकतं, त्या आवाजाने त्याला जाग यायची. बिडाच्या चुलीचं दार उघडायचं, राख मागे सारायची, निखारे पुढे ओढायचे, वर मेपलची दोन बारीक खांडं आणि एक जाड. हवेची झडप पूर्ण उघडायची आणि ज्योतीने पकड घेतली की अर्धी मिटायची. हे काम घाईने केलं की धूर खोलीत येतो. रोझेरने कधी घाई केली नाही. तरी थोडा धूर यायचाच, आणि आतल्या खोलीत त्याची बायको लेओना खोकायला लागायची.

रोझेर आयुष्यभर जंगलात झाडं पाडत आला आणि नंतर कागदाच्या गिरणीत राबला. घराला लागणारं लाकूड मात्र त्याने कधी विकत घेतलं नाही. घरामागे नदीपर्यंत त्याचं स्वतःचं रान होतं. वसंतात झाड पाडायचं, उन्हाळ्यात फोडायचं, रस्त्याकडच्या भिंतीला थप्पी लावायची. आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या खोऱ्यात माणसाची पारख थप्पीवरून होते. ऑगस्टमधल्या मेरीमातेच्या सणापर्यंत दारात थप्पी उभी नसेल तर त्या घरात कोणी आजारी आहे असं समजतात, नाहीतर घरधनी आळशी आहे असं. रोझेरच्या थप्पीची टोकं आडव्या-उभ्या थरांच्या कैचीत बांधलेली असत, वरच्या थराची साल आकाशाकडे, आणि थप्पी व भिंतीत तळहाताएवढी फट, हवा खेळावी म्हणून. येणारे-जाणारे गाडी हळू करून बघत.

रस्त्यापलीकडे बेर्तिल सूसी राहायची. तिचा नवरा गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिने हीट पंप बसवला. बाहेरच्या हवेत जी काही ऊब असेल ती ओढून घरात सोडणारं विजेचं यंत्र. त्याची पंख्याची पेटी तिने रस्त्याच्या बाजूलाच लावली. चर्चच्या तळघरात घेवड्याचं गावजेवण होतं त्या संध्याकाळी रोझेर भरल्या टेबलावर म्हणाला,

"बेर्तिल, घराच्या तोंडावर फ्रीज बांधलास म्हणे! दूध आत ठेवतेस की बाहेर?"

सगळे हसले. बेर्तिलने चमचा खाली ठेवला.

"हस बाबा. मी उजाडेपर्यंत झोपते तरी."

पुढे लेओनाची छाती भरत गेली. फुप्फुसांच्या डॉक्टरने सांगितलं की घरात लाकडाचा धूर चालणार नाही, थोडासुद्धा नाही. घरी लेओनाने प्लॉय केले, म्हणजे आमच्याकडची कुट्टूच्या पिठाची धिरडी, आणि दोघं जेवायला बसली. मग तो म्हणाला,

"लाकूड फुकट आहे, लेओना. तेलाची भट्टी लावली तर हिवाळाभर टाकी भरत बसायचं, आणि भाव दुसरेच ठरवणार. भुशाच्या गोळ्यांची शेगडी घेतली तर पोती वाहायची, आणि धूर आहेच. विजेच्या यंत्राला तर आधीच ढीगभर डॉलर मोजा."

"फुकट," लेओना धिरड्याला लोणी फासत म्हणाली. "करवतीचं पेट्रोल फुकट येतं? साखळ्या? ट्रॅक्टरचा आस तुटला तो कोणी फुकट जोडून दिला? तुझा खांदा डॉक्टरने उघडला, तो?"

"खांदा माझा आहे."

"आणि छाती माझी आहे. ती कुठे धरलीस हिशेबात?"

स्वतःचे कष्ट रोझेरने कधी खर्चात धरलेच नव्हते. कष्ट हीच तर त्याची ऐट होती. त्या ऐटीची किंमत दुसरंच कोणी पहाटे पहाटे खोकून भरत होतं, हे त्याला त्या धिरड्यावर दिसलं. त्याने मान खाली घालून ते संपवलं. लेओनाने तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

शरदात तो बटाट्याच्या गोदामात लागला. सत्तरी उलटलेला माणूस, दिवसभर सरकत्या पट्ट्यापाशी उभा. बटाटे येत राहतात, त्यातले दगड, ढेकळं आणि सडके उचलून टाकायचे. काम हलकं दिसतं. आधी बोटं बधिर होतात, मग कंबर, आणि पट्टा कोणासाठी थांबत नाही. गावाला वाटलं म्हातारा नवीन करवत घेणार. रोझेरने तसंच वाटू दिलं. मजुरीतून काही थोडं करवतीसाठी त्याने खरंच बाजूला ठेवलं, म्हणजे अगदीच खोटं नको.

पैसे जमल्यावर बेर्तिलसारखंच यंत्र बसवायला त्याने नदीच्या खालच्या अंगाच्या इंग्रजी बोलणाऱ्या गावातून माणूस बोलावला. आपल्या गावातला असता तर बातमी त्याच्याआधी घरोघर पोचली असती.

"रविवारी दहाला या," रोझेर फोनवर म्हणाला.

"रविवारी? जादा पडतील."

"पडू देत."

रविवारी दहाला मिसा, म्हणजे चर्चची मोठी प्रार्थना, असते आणि सगळं गाव चर्चमध्ये असतं. लेओनाला त्याने एकटीलाच पाठवलं. विचारलं तर सर्दी झालीय म्हणून सांग, म्हणाला. परत आल्यावर तिने टोपी खुंटीला लावली.

"चर्चच्या पायरीवर खोटं बोलायला लावलंस मला. बेर्तिलने तर तुझ्यासाठी कोंबडीचं सूप पाठवलंय."

ते सूप त्याने संपवलं.

पेटी मागच्या भिंतीला बसली. जाताना तो माणूस हात लांब करून म्हणाला, "पुढे एवढी जागा मोकळी ठेवा." रोझेरने मान हलवली. पण घरामागून बर्फावर घसरत पळणाऱ्या बर्फगाड्यांची वाट जाते. पहिला बर्फ पडला की सगळं खोरं त्या वाटेवर असतं. म्हणून रोझेरने पेटीसमोर थप्पी रचली, पेटीपेक्षा उंच. हवा खेळावी म्हणून तळहाताएवढी फट ठेवली, नेहमी ठेवतो तशीच. हवेचं त्याला कळतं, असं त्याला वाटलं. उन्हाळ्यात फोडलेली खांडं अशा फटीने दरवर्षी वाळत आली होती.

नाताळ आला तरी यंत्र छान चालत होतं. लेओना रात्रभर झोपू लागली. एका सकाळी बेर्तिल दाराशी आली.

"धुराड्यातून धूर दिसत नाही. म्हटलं कोणी पडलं की काय."

"धुराडं साफ करतोय," रोझेर दार अर्धंच उघडून म्हणाला.

दुसऱ्या पहाटेपासून तो साडेतीनला उठून चुलीत लहानशी आग करू लागला. उबेसाठी नाही, धुराड्यापुरती. लेओना अंथरुणातून बघत राहायची. खोकला पुन्हा आला. "आता कशाला?" एकदाच तिने विचारलं. तो म्हणाला, "यंत्राला थोडा आधार." ती कुशीवर वळली.

जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी पडली तेव्हा यंत्र गार हवा फेकू लागलं, आणि मग बंदच झालं.

"बघ. मी म्हटलं होतं," रोझेर म्हणाला. त्या म्हणण्यात त्याला जरा बरंही वाटलं. त्या बऱ्या वाटण्याची लाज त्याला पुढे फार दिवस पुरली.

चूल तोंडापर्यंत भरली. घर तापलं. सकाळी लेओना पलंगाच्या कडेला बसून, गुडघ्यांवर हात रोवून, श्वास ओढत होती. ओठ निळसर पडले होते. औषधाच्या फवाऱ्याने थोडं सैल झालं, पुरेसं नाही.

"दवाखान्यात नेतो."

"तासाभराची वाट आहे. आधी या धुरातून काढ मला. बेर्तिलकडे ने."

"बेर्तिलकडे?"

"रोझेर, ने."

त्याने तिला कोटात गुंडाळून रस्ता ओलांडला. बेर्तिलने दार उघडलं, एकदा लेओनाकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"ये, लेओना. फ्रीजमध्ये ये." मग त्याला म्हणाली, "तू काय उंबऱ्यावर गोठतोस? बूट काढ."

आत ऊब होती आणि कसलाच वास नव्हता. खुर्चीत बसल्यावर लेओनाचा श्वास हळूहळू खाली बसला. बेर्तिलने दवाखान्यातल्या नर्सला फोन लावला. नर्स म्हणाली, तिथेच राहू द्या, ओठ पुन्हा निळे पडले तर लगेच घेऊन या. बोलता येऊ लागल्याबरोबर लेओना म्हणाली,

"यानेही बसवलंय. मागच्या बाजूला. रविवारी, मिसाच्या वेळी."

बेर्तिल त्याच्याकडे वळली. "सर्दी झाली होती ना तुला त्या रविवारी?"

रोझेरने लेओनाचा कोट खुंटीला लावला.

"सूप आवडलं का?"

"चालत नाही ते यंत्र," तो पुटपुटला.

"माझं चालतंय, तेच आभाळ आहे वर. चल, दाखव."

मागे पेटी दिसतच नव्हती. थप्पीआड बर्फाचा एक ठोकळा होता. बेर्तिलने हातमोज्यासकट हात फटीत घातला. मनगटाच्या पुढे जाईना.

"मी फट ठेवली होती," रोझेर म्हणाला. "लाकडाला ठेवतो तशी."

"हे लाकूड नाही, रोझेर. आपलीच गार फुंकर परत परत ओढतंय बिचारं." मग तिने थप्पीवर नजर फिरवली. "रचलीस मात्र झकास."

टोमणा असता तर त्याने सोसला असता.

दोघांनी ती थप्पी पाडायला घेतली. रोझेरची थप्पी कधी कोसळली नव्हती, ती आता तो स्वतः हाताने ढासळत होता. खांडं एकमेकांना चिकटून गोठलेली, प्रत्येकाला टाचेने लाथ घालावी लागे. खांदा ठणकत होता. बेर्तिल त्याच्याएवढीच खांडं उचलत होती. वाटेवरून दोन बर्फगाड्या आल्या, हळू झाल्या. शिरस्त्राणांतून चेहरे कळेनात. एकाने हात वर केला. रोझेरच्या दोन्ही हातांत लाकूड होतं. त्याने ते टाकलं आणि हात वर केला.

संध्याकाळी बेर्तिल भांडी घासत असताना लेओना हळू आवाजात म्हणाली,

"माझा खोकला सगळ्या गावाने ऐकला. मिसात, प्रार्थना चालू असतानासुद्धा. त्याची तुला कधी लाज वाटली नाही. पेटीची वाटली."

रोझेरने तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

इंग्रजी बोलणारा माणूस पुन्हा आला. पंख्याचं पातं बर्फाने वाकलं होतं, बदलता येण्यासारखं होतं. पण इथे छपरावरचा बर्फही घसरतो, म्हणाला, ही जागाच वाईट. मग लावायची कुठे? रोझेर घराला वळसा घालून पुढे गेला आणि रस्त्याकडच्या भिंतीवर, मोठ्या थप्पीच्या बरोबर मध्यावर, हात ठेवला.

"इथे? हे सगळं हलवावं लागेल."

"मी हलवतो."

"पुन्हा रविवारी येऊ?"

"नको. बुधवारी या. दिवसाउजेडी."

थप्पी त्याने एकट्याने कोठाराआड नेली. बेर्तिल मदतीला आली तेव्हा त्याने तिला घालवून दिलं, आणि ती गेलीही. बुधवारी पेटी बसली. पुढे हातभर नव्हे, चांगली दोन हात जागा त्याने मोकळी सोडली. त्या आठवड्यात बऱ्याच गाड्या दारासमोर हळू झाल्या. रोझेर घरात लपला नाही, बाहेर मुद्दाम उभाही राहिला नाही. बर्फ ओढायचा होता तेवढा ओढत राहिला.

करवत आली नाही. बटाट्याच्या पट्ट्यापाशी उभं राहून बाजूला ठेवलेली मजुरी एका नव्या पात्यात आणि एक पेटी घराच्या मागून पुढे आणण्यात गेली.