साडूंची लाल चिठ्ठी

आमच्या थोरल्या साडूंनी आजवर एकही वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय विकत घेतलेली नाही, आणि उलटी करून पाहिलेल्यांपैकी निम्म्या दुकानदाराच्या हातात परत दिल्या आहेत. कलिंगड असो, कुकर असो, चपला असोत, कशालाच सूट नाही. बहरीनमध्ये छत्री वर्षातून दोनदा लागते, तरी ती त्यांनी दुकानात आठ वेळा उघडून मिटली होती आणि नवव्यांदा उघडताना दुकानदाराने ती हळूच काढून घेतली होती. मनामाच्या जुन्या बाजारातला भाजीवाला त्यांना लांबून पाहिल्याबरोबर लिंबांची टोपली स्वतःच पुढे सरकवतो. त्यांचं निवडून झालं की उरलेल्या लिंबांचा भाव त्याला उतरवावा लागतो, कारण आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना वाटतं की आता यात काही राम उरलेला नाही. मी हे शेजारी उभं राहून पाहिलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्या उतरलेल्या भावाने लिंबं घेऊनही आलो आहे.

माझी बायको आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, सख्ख्या बहिणी. मी मनामात एका बँकेत हिशेबनीस, आणि ते जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात, बावीस वर्षं. यार्डात आलेला माल तपासणं हे त्यांचं काम. पंप, व्हॉल्व्ह, बोल्ट, जे येईल ते त्यांच्या टेबलावरून जायचं आणि नापास झालं की त्याला लाल चिठ्ठी बांधली जायची. एकदा चिठ्ठी बांधली की यार्डाचा मॅनेजरसुद्धा तो माल हलवू शकत नाही. सोडवायची झालीच तर ज्याने बांधली त्यानेच मागे सही करून सोडवायची, असा तिथला नियम आहे. या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा उम्म अल हस्समच्या त्यांच्या फ्लॅटमध्येही असतो. मिक्सरच्या भांड्याला, गिझरच्या बटणाला, एकदा तर पाहुण्यांसमोर आणलेल्या चकल्यांच्या डब्यालाही मी लाल चिठ्ठी पाहिली आहे. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. पुढच्या शुक्रवारी गेलो तर घड्याळ भिंतीवर होतं, चालू होतं आणि त्याखाली चिठ्ठी लोंबत होती: ‘आठवड्याला चार मिनिटं मागे.’ त्यात माझ्याबद्दल राग नव्हता. चहा नेहमीसारखाच मिळाला.

याला कोणी कंजूषपणा म्हणेल, तर तसं नाही. त्यांच्या गाडीचे टायर बँकेच्या मोठ्या साहेबाच्या गाडीला नसतील इतके उत्तम आहेत, आणि त्याच गाडीचं मागचं दार मात्र आतून सुतळीने बांधलेलं आहे. मी एकदा विचारलं, तेव्हा ते त्यांच्या इचलकरंजीच्या बोलीत म्हणाले, “भार कुठं पडतोय ते बघायचं, पाहुणं. भार पडतोय तिथं पैसा ओतायचा. बाकीला सुतळी बांधली तरी चालतंय.” बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला पाहुणं म्हणण्याची त्यांच्याकडे पद्धत आहे, आणि गेली चौदा वर्षं मी त्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा जेवत असूनही पाहुणाच आहे.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी एअर रायफलची नेमबाज झाली. दहावीपर्यंत ती इथेच शिकली, मग कोल्हापूरला आत्याकडे गेली, कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर सहज म्हणून नेमबाजीच्या रेंजवर गेली आणि तिथेच रमली. साडूंनी जन्मात रायफल हातात धरलेली नाही. पण रायफल ही शेवटी सुट्या भागांची बनलेली असते हे कळल्याबरोबर त्यांच्या अंगात वेगळाच उत्साह संचारला. जॅकेट जुनं चालेल, कारण कापड जितकं वापरलेलं तितकं अंगाला बसतं. रायफल टेकवायचा स्टँड कोल्हापुरातल्या लेथवर करून घ्यावा, उगाच परदेशी कशाला. छर्ऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी मुलीला गुजरीतल्या एका सराफाकडे पाठवलं. स्वस्त डबीतले शंभर आणि महाग डबीतले शंभर छर्रे सोन्याच्या काट्यावर एकेक करून तोलायला लावले. सराफाने बिचाऱ्याने आधी हसून, मग कपाळाला हात लावून, पण सगळे तोलून दिले. निष्कर्ष असा निघाला की स्वस्त डबीत दोन छर्रे एकसारखे मिळणं मुश्कील, तेव्हा स्वस्त सरावाला वापरावेत आणि महाग स्पर्धेला. मुलीने फोनवर सांगितलं, “बाबा, कोच टोल्ड अस दॅट ऑन डे वन.” साडू म्हणाले, कोचने सांगितलं होतं, आता सिद्ध झालं.

खरा प्रश्न आला तो मागच्या साईटचा. रायफलच्या मागच्या बाजूला ही एक डबीसारखी वस्तू बसवतात. तिच्या बारीक भोकातून पाहिलं की पुढचं कडं आणि त्यात निशाण्याचा काळा ठिपका दिसतो. बाजूच्या चकत्या फिरवून नेम सरकवायचा. मुलीच्या जुन्या साईटची चकती ढिली झाली होती, ऐन स्पर्धेत नेम आपोआप सरकायचा. राज्याच्या संघाची निवड चाचणी सहा आठवड्यांवर आली होती. नव्या साईटवर हात बसायला निदान तीन आठवडे लागतात, असं तिच्या कोचचं म्हणणं. दोन वर्षं पहाटे उठून तिने जे केलं होतं, ते सगळं आता या एका डबीवर येऊन थांबलं होतं.

साडूंनी तीन प्रकार काढले. पहिला स्वस्त, ज्याची चकती फिरवली की टक् आवाज येतो पण नेम सरकतोच असं नाही. दुसरा मध्यम, ज्यात धातूच्या खोबणीत प्लास्टिक आहे. तिसरा जर्मन बनावटीचा, पूर्ण धातूचा, किंमत ऐकून ताईंनी पदराने वारा घेतला असा. एरवी असा निर्णय त्यांना चार महिने पुरला असता. या वेळी त्यांनी तो एका शुक्रवारी झल्लाकच्या समुद्रावर, आम्ही सगळे कणसं भाजत असताना घेतला. “भार हितंच पडतोय,” म्हणाले, आणि जर्मन साईट मागवली.

इथे दुसरा कोणीही बाप काय करेल? थेट कोल्हापूरचा पत्ता देईल. साडूंनी बहरीनचा दिला, कारण न तपासता माल पुढे पाठवणं त्यांच्या रक्तात नाही. कस्टमवाल्यांपुढे ते मुलीची प्रमाणपत्रं, कॉलेजचं पत्र आणि साईटची आकृती घेऊन गेले आणि हे शस्त्र कसं नाही हे इतक्या तपशिलात समजावू लागले की तिथला अधिकारी शेवटी हात जोडल्यासारखं करून म्हणाला, “खलास, यल्ला,” म्हणजे झालं, निघा आता. मग तपासणी सुरू झाली. साईट बसवून पाहायला यार्डाच्या सुताराकडून त्यांनी लाकडाची एक रायफल करून आणली होती. ती रायफलपेक्षा धुण्याच्या धोपटण्यासारखी जास्त दिसायची. त्यांच्या मजल्याचा पॅसेज लिफ्टपासून शेवटच्या दारापर्यंत बरोबर दहा मीटर, म्हणजे एअर रायफलच्या निशाण्याच्या अंतराएवढा भरतो. त्या शेवटच्या दाराशेजारी त्यांनी काळ्या ठिपक्याचा कागद चिकटवला. तिथे राहणाऱ्या मल्याळी नर्सबाईंनी ही कोणाची तरी करणी आहे असं समजून तो दोनदा खरवडून काढला, तिसऱ्यांदा साडूंनी त्यांना चहाला बोलावून सगळं समजावलं.

पहिली साईट नापास झाली. कड्याची रेघ स्पष्ट येत नाही, ठिपक्याच्या कडा पसरट दिसतात, असा शेरा लाल चिठ्ठीवर आला आणि चार पानी पत्रासह माल परत गेला. दुकानदार सभ्य होता, त्याने मुकाट्याने दुसरी पाठवली. ती येईपर्यंत चाचणी दोन आठवड्यांवर आली. दुसरीचंही तेच. मुलगी रोज फोन करून सांगत होती, “बाबा, प्लीज, जस्ट सेंड इट, आय विल मॅनेज.” साडूंचं उत्तर ठरलेलं होतं. आपल्याला जे खोटं दिसतंय ते पोरीच्या हातात कसं द्यायचं? पुरावा म्हणून त्यांनी फोनचा कॅमेरा त्या भोकाला लावून फोटो काढला आणि तिला पाठवला. तो फोटो तिने लगेच आईला पाठवला. सोबत एकच ओळ होती, ‘आई, फोटो एकदम शार्प आहे.’

त्या दिवशी ताईंचा मला बँकेत फोन आला. “भाऊजी, सहज आल्यासारखे या,” एवढंच म्हणाल्या.

मी सहज आल्यासारखा गेलो. साडू पॅसेजमध्ये स्टुलावर बसून धोपटण्याला डोळा लावून होते. मीही लावला. काळा ठिपका, भोवती कडं, मधली पांढरी फट, सगळं स्वच्छ. मला तर चांगलं दिसतंय, असं म्हणालो, तर ते म्हणाले, “तुम्ही बँकेतली माणसं. तुम्हाला सगळं पासच दिसणार.” तेव्हा दारात उभ्या असलेल्या ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, “डावा डोळा लावून बघा की एकदा.”

त्यांनी डावा लावला. बराच वेळ ते हललेच नाहीत. तिथले पॅसेजचे दिवे कोणी हललं नाही की आपोआप विझतात. ते विझले, मी हात हलवून पुन्हा लावले. त्यांनी उजवा लावला, परत डावा, परत उजवा. मग शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, साईटला बांधलेली लाल चिठ्ठी उलटी केली, मागे सही केली, तारीख घातली आणि ती सोडवली. “पास आहे,” म्हणाले आणि आत निघून गेले. इतक्या हलक्या आवाजातलं बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही.

आमच्या बँकेतला एकजण तिसऱ्या दिवशी सुट्टीवर कोल्हापूरकडे निघाला होता, त्याच्याबरोबर साईट गेली. मुलीच्या हातात पडली तेव्हा चाचणीला जेमतेम आठवडा उरला होता. ती चाचणीत एका जागेने हुकली. तिने फोनवर इंग्रजीत सांगितलं की इट्स ओके, नेक्स्ट इयर, आणि साडूंनी बरं म्हणून फोन ठेवला.

साडूंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, बरोबर मधोमध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अशांना मोठं सगळं ठीक दिसतं, बारीक भोकातून पाहिलं की धूसर होतं. साडूंनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी यार्डात जाऊन स्वतःच अर्ज दिला, की गेल्या सहा महिन्यांत मी तपासलेला माल पुन्हा तपासावा. पन्नाशी उलटलेला माणूस, व्हिसा नोकरीवर अवलंबून, कोणी विचारलेलंही नाही. मी त्यांना वेडे आहात म्हणालो, माझ्या बायकोने मला गप्प केलं. यार्डाने खरोखर सगळा माल काढला. पास केलेल्यात एकही नग खराब निघाला नाही. लाल चिठ्ठीच्या ढिगात मात्र अकरा नग चांगले निघाले. मॅनेजरने त्यांना आजारपणाची रजा दिली आणि डोळा करून परत या म्हणून सांगितलं. ऑपरेशनच्या आधी भिंगाचे तीन प्रकार दाखवले, तेव्हा साडूंनी नमुना उलटा करून पाहता येईल का असं विचारलं, त्यावरून मला वाटलं की गाडी रुळावर येते आहे.

पण ती आली नव्हती. यार्डातला माल पुन्हा काढून तपासता आला, चाचणी पुन्हा घेता येत नव्हती. पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावला होता. एरवी ते तिला पहिल्यांदा रायफल दाखवायला सांगत. त्या दिवशी नाही सांगितलं. टेबलावर दोन्ही हात ठेवून, यार्डात साहेबापुढे बोलावं तसे बोलले. “साईट पहिलीसुद्धा बरोबर होती. खोट माझ्या डोळ्यात होती. माझ्यामुळं तुझं वर्ष गेलं.”

 मला वाटलं, आता इट्स ओके येईल. पण ती मराठीत बोलली, आणि आत्याकडे राहून तिचं मराठी आता पुरतं कोल्हापूरचं झालं होतं.

“मला राग आलेला, बाबा. आठ दिवस कुणाशी बोलले न्हाई. पण तुम्हाला खराब दिसत असताना, मी मागे लागले म्हणून पाठवली असतीसा ना, तर जास्त आला असता.”

साडूंनी खुर्ची पुढे ओढली. फोनमधल्या तिच्याकडे नुसते पाहत राहिले. तीही कुठे गेली नाही, तशीच समोर बसून राहिली. घड्याळात सात वाजले तशी ताईंनी डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली आणली, टोपण काढलं आणि त्यांची हनुवटी वर केली. साडूंनी हाताने बाटली बाजूला केली.

“थांब जरा,” ते म्हणाले. “महाग औषध आहे. आत्ता घातलंस तर वाहून जाईल.”