अर्जी नसलेला माणूस

तहसील कचेरीतल्या माझ्या कारकुनीत अभिमानानं सांगावा असा एकच माणूस मी पाहिला. निजाम सरकारच्या त्या पायऱ्या जो तो अर्जी घेऊन वाकत चढायचा. सिरसाळ्याकडचा हा घायपाताच्या वाखाचे दोर वळणारा ख्रिस्ती तेवढा ताठ यायचा, तोही नवा तहसीलदार आला की. एकदाच सलाम करून मला विचारायचा, "सायबाचं नाव काय हाय जी?" मग ते नाव पुटपुटत, घोकत निघून जायचा.

एकदा शिपायाला वाटलं, हा करणी करायला नाव नेतो. त्यानं त्याला धरून थेट साहेबांपुढं उभं केलं.

"माझं नाव तुला कशाला?" साहेबांनी दरडावलं.

"आमी दर ऐतवारी राजासाठी, अंमलदारासाठी देवाला मागतो. नीट न्याव करायची बुद्धी दे म्हनून. नाव ठावं असलं की बरं पडतं."

"आधीच्या साहेबांनी तर तुला वेठीला धरून फटके दिलते," मी न राहवून म्हणालो.

"व्हय. त्येंच्यासाठी लई येळ मागावं लागायचं."

साहेब खुर्ची मागं सारून उभे राहिले आणि आपलं नाव त्याला सावकाश, दोनदा सांगितलं.