गणिताच्या बाईंची भुतं

"इथपर्यंत भीती वाटली का?"

गोष्ट ऐन रंगात आली की ती थांबायची, खडूनं पांढरी झालेली दोन बोटं वर धरायची आणि हे विचारायची. वर्गात "इथपर्यंत कळलं का?" विचारतात ना, अगदी त्याच सुरात. आम्ही चार-पाच शिक्षक डबे उघडून बसलेलो, कुणाच्या तोंडात घास, कुणाची भाकरी हातातच. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "वाटली, वाटली, पण पुढचं सांगा, घंटा होईल." ती म्हणाली, "नाही सर, कुठल्या वाक्याला वाटली ते आधी सांगा."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं सगळे कौतुक करतात आणि तुम्हालाही हसतमुखानं करावं लागतं. माझ्या नशिबी ही होती. देवळाली प्रवराजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि मी मराठी. राहायलाही शेजारी, चर्चच्या मागच्या गल्लीत, मधे एक भिंत. वयानं माझ्याहून लहान, म्हणून मला ताई म्हणायची. मी मराठीची एम.ए., शाळेच्या हस्तलिखिताची संपादक, चर्चच्या नाताळच्या नाटिकेची दहा-बारा वर्षांची लेखिका. आणि गोष्टी कोण लिहिणार? तर गणिताची बाई! त्याही भुताच्या! मला हे पहिल्या दिवसापासून पचलं नाही.

बरं, लिहायला तिला ना खोली, ना टेबल. तिचा नवरा साखर कारखान्यात, दिवाळी झाली की सीझन सुरू, मग तो कुठल्या पाळीला घरी येईल याचा नेम नाही. सासूबाई टीव्हीसमोर. दोन पोरं नाताळची चांदणी कुठं टांगायची यावरून एकमेकांच्या उरावर. आणि ही ओट्याशी उभी राहून एका हातानं भाजी परतत दुसऱ्या हातानं मोबाईलवर भूत टाइप करायची. मधेच भिंतीपलीकडून हाक यायची, "ताई, एखादा माणूस घरातून नाहीसा व्हायला किती वेळ लागावा?" मी म्हणायचे, "मला काय विचारतेस? आमचा तर खुर्चीवरून हलत नाही."

तिला नुसतं लिहायचं नव्हतं, लेखिका व्हायचं होतं. हे ती सगळ्यांना सांगायची. दर उन्हाळ्यात दिवाळी अंकांना कथा पाठवायची आणि कोणत्या अंकाला पाठवली तेही सांगायची. मीही कविता पाठवायचे, पण चोरून. एका वर्षी तिची कथा साभार परत आली. संपादकांनी खाली लिहिलं होतं, 'जमत आलंय, पाठवत राहा.' तो मेसेज तिनं मला दाखवला तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी समजूत काढली, चहा केला. मनात म्हटलं, बाई गं, तुला नकार तरी आला. माझ्या कवितांना 'मिळाल्या' एवढंही कुणी कळवलं नव्हतं.

आता करंज्यांचं सांगते. नाताळच्या आधी आमच्या गल्लीत रोज एकीच्या घरी करंज्या असतात. सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमतात. कुणी पाऱ्या लाटते, कुणी सारण भरून कडा मुरडते, कुणी कढईपाशी. बाकीच्या बायका काम करताना गाणी म्हणायच्या. ही आल्यापासून गाणी बंद पडली आणि गोष्टी सुरू झाल्या. तिची नजर कुणाच्या तोंडाकडं नसायचीच, मुरड घालणाऱ्या हातांकडं असायची. भीती वाटली की हात ढिला पडतो, कड नीट दाबली जात नाही, आणि ती करंजी तेलात फुटते. हा तिचा हिशोब.

कढईत सारण उधळलं की तळणारी बाई करवादायची आणि ही टुणकन उठायची. "कुणी मुरडली ही? विहिरीतून हाक येते तिथं मुरडली ना?" फुटलेल्या सगळ्या करंज्या ती स्वतः खायची. कुणी तळणीचं तेल खराब झालं म्हणून बोललं, तर पुढच्या दिवशी आपल्या घरचं तेल घेऊन यायची. पण गोष्ट थांबवायची नाही.

मी ठरवूनच बसायचे, की माझी करंजी फुटू द्यायची नाही. दात आवळून मुरड घालायचे. भीती वाटायची, का नाही वाटणार? पण तिला ते कळू द्यायचं नाही. एके वर्षी दोन घरं झाली, माझी एकही फुटली नाही. ती विचारात पडली. "ताईंना वाटत नाही म्हणजे गोष्टीतच कमी आहे," म्हणाली आणि तिनं गोष्टीतलं भूतच काढून टाकलं. फक्त हाक ठेवली, ती पण आपल्याच आईच्या आवाजात. तिसऱ्या घरी करंजी फुटली ती माझी. बायका खो खो हसल्या. ती हसली नाही. माझा सारणानं भरलेला हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "थँक्यू ताई. तुमच्यामुळं जमलं."

सांगा आता, अशा बाईवर रागवायचं तरी कसं? मी जळफळून गप्प बसावं आणि त्यानं तिची गोष्ट आणखी चांगली व्हावी!

आणि स्वतः इतकी भित्री, की दिवेलागणीला परसात जायची नाही. "ताई, दोरीवरचे कपडे काढायला जरा येता?" मी जायचे. ती एकेक कपडा ओढायची आणि माझ्याशी मोठमोठ्यानं काहीतरी बोलत राहायची, शाळेचं, भाजीचं. एकदा विचारलं, "अगं, तूच लिहितेस ना हे सगळं? मग?" म्हणाली, "म्हणून तर. त्यांना माझं घर माहीत आहे." मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. माझ्या कवितांनी माझ्या डोळ्यांत कधी टिपूस आणलं नव्हतं.

मग तो नाताळ आला. चर्चच्या तरुण संघाची पोरं माझ्या दारात उभी राहिली, एकमेकांना कोपरानं ढोसत. शेवटी एकजण बोलला, "ताई, तुमची नाटिका तर दर वर्षी आस्तीच. औंदा गनिताच्या मॅडमना सांगावं म्हन्तो. जरा चेंज." मी म्हटलं, "सांगा की, मला काय?" दार लावलं आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. जरा चेंज म्हणे!

संध्याकाळी ती आली. बसली नाही, उंबऱ्यातच उभी. "ताई, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही लिहिणार." मी काय म्हणणार होते? लिही म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "मला एकदाच बघायचंय, ताई. छापून येवो न येवो. सगळं चर्च एकदम घाबरलेलं, आणि त्याच भीतीत सगळे घरी गेलेले. एवढं एकदा झालं ना, की मी लेखिका." तिचे डोळे भरले होते. मी पाणी आणायला आत गेले ती जरा वेळानंच बाहेर आले.

तिनं लिहिलेले कागद मी वाचले. मरिया नाही, योसेफ नाही, मेंढपाळ नाहीत. देवदूत तर नाहीतच. पंख शिवून ठेवलेल्या आया नाराज झाल्या. स्टेजवर फक्त उतारशाळेचा मालक, दिवस भरलेल्या मरियेला दारातून परत पाठवणारा, जेवायला बसलेला. दार वाजतं. तो बसल्या जागेवरून म्हणतो, "जागा नाही." पुन्हा जेवतो. पुन्हा दार वाजतं. प्रत्येक वेळी तो म्हातारा होत गेलेला, दाढी पिकत गेलेली, पण दार वाजायचं थांबत नाही. शेवटी बायको गेली, गिऱ्हाइकं गेली, सगळ्या खोल्या रिकाम्या, तो एकटा. दार वाजतं. तो त्याच आवाजात म्हणतो, "जागा नाही." अंधार. संपलं.

दर वर्षी मीच लिहीत होते ना त्या मालकाला? माझ्या नाटिकेत तो एक वाक्य बोलून आत जायचा. इतकी वर्षं तो माझ्या हाताशी होता आणि मला दिसला नाही. तिला दिसला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पाळकसाहेब जरा कुरकुरले, "बाई, नाताळाला भीती कशाला?" ती म्हणाली, "साहेब, देवदूत दिसला तेव्हा मेंढपाळसुद्धा आधी घाबरलेच होते की." पाळकसाहेबांनी होकार दिला. हे उत्तर मला सुचायला पाहिजे होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी चर्च गच्च भरलं. बाहेर थंडी मरणाची. तिनं एक युक्ती केली होती. स्टेजवर दार ठेवलंच नव्हतं. चर्चचं मोठं दार आतून कडी घालून बंद केलं आणि ती स्वतः बाहेर पायरीवर उभी राहिली, शाल गुंडाळून, हातात कपडे धुवायचं धोपटणं. म्हणजे दार वाजणार ते आमच्या पाठीमागं, खरोखरचं.

पहिल्यांदा वाजलं तेव्हा पोरं हसली. दुसऱ्यांदा नाही हसली. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाईनं माझा दंड धरला. चौथ्यांदा वाजायच्या आधीच सगळे वाजण्याची वाट बघत होते आणि कुणी मान वळवत नव्हतं. रडणारं तान्हं पोरसुद्धा चूप. तिला हवं होतं ते झालं होतं, आणि ती बाहेर असल्यामुळं तिला ते दिसत नव्हतं, मला दिसत होतं. मी हात जोडले आणि चर्चमध्ये बसून मागणं मागितलं, देवा, काहीतरी चुकू दे.

शेवटचं दार वाजलं. पांढऱ्या दाढीच्या मालकानं घास तोंडापाशी नेला. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "आरं उघड की मुडद्या! आवघडलेली बाय दारात उभी हाय!"

सगुणाआजी. दवाखान्यात जन्मभर आया म्हणून राबलेली, निम्म्या गावाची बाळंतपणं डोळ्यांदेखत झालेली. ती उठली. काठी टेकत दारापाशी गेली. कुणीतरी "आजी, नाटक आहे" म्हणालं. "नाटक आसंल तुझ्या घरी," म्हणाली आणि तिनं कडी काढली.

दारात ती. शाल घसरलेली, धोपटणं वर उचललेलं, नाक लाल. आजीनं तिला खालवर पाहिलं. "आगं, तू व्हय? किती गारठलीस! चल आत." आणि तिचा हात धरून मधल्या वाटेनं थेट स्टेजपर्यंत आणलं. मालक झालेला पोरगा पार गोंधळला. त्याला पाठ होतं तेच तो बोलला, "जागा नाही." आजी त्याच्यावर काठी उगारून ओरडली, "गप ए! लई जागा हाय!"

चर्च नुसतं उसळलं. हसले, टाळ्या वाजवल्या, आणि हसता हसता माणसं डोळे पुसायला लागली. पाळकसाहेबांनी रुमाल काढला. माझं मागणं देवानं ऐकलं होतं, चुकलं होतं सगळं, आणि मला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

नंतर ती मला मागच्या बाजूला सापडली, खुर्च्यांच्या थप्पीआड. हुंदके देत होती. "शेवट गेला, ताई."

"अगं, लोक रडले."

"रडायला नको होतं. दार बंद ठेवून घरी जायला पाहिजे होतं. झोप लागायला नको होती कुणाला."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला खरंच वाटत होतं की आपण हरलो. माझ्या नाटिका इतकी वर्षं एकदाही चुकल्या नाहीत. देवदूत वेळेवर आले, मेंढपाळ वेळेवर गेले, लोकांनी जागच्या जागी टाळ्या वाजवल्या. जागचं कुणी उठलं नव्हतं. मला तिची ती हारसुद्धा हवी होती. हे तिला कधी सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

मे महिन्यात तिची बदली झाली, कर्जतला, आमच्याच जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. टेम्पोत सामान चढवताना ती माझ्या गळ्यात पडली. भिंतीपलीकडं दुसरं बिऱ्हाड आलं, चांगली माणसं आहेत, आवाज नाही काही नाही. तिचा फोन येतो कधीमधी. कथा अजून पाठवते, अजून परत येतात.

पुढच्या नाताळाला नाटिका पुन्हा माझ्याकडं आली. मी हौसेनं सगळं परत आणलं, पंखवाले देवदूत, मेंढपाळ, खरंखुरं कोकरूसुद्धा. चर्च भरलं. पडदा सरकायच्या आधी मी बघते तर सगुणाआजी मागच्या बाकावर उलटी बसलेली, स्टेजकडं पाठ करून.

मी जवळ गेले. "आजी, नाटक पुढं आहे."

"हाय की. तुजं चालू दी, बाई. मी हितंच बरी. ती आली आन् कुनी उघडलंच न्हाई तर?"

"ती कर्जतला गेली, आजी. बदली झाली तिची."

"म्हंजी लांबून यायची," आजी म्हणाली. "येळ लागंल."

इतक्या वर्षांत माझी अशी वाट कुणी पाहिली नव्हती. पुढं माझे देवदूत वेळेवर आले आणि गायला लागले. आजी जरा सरकली. मी तिच्या शेजारी बसले, दाराकडं तोंड करून.