दात नसलेला जावई

माझी धाकटी जाऊ महापालिकेच्या जनावरांच्या निवाऱ्यात डॉक्टर आहे. "म्हणजे कुत्र्यांची डॉक्टर?" असं कुणी विचारलं की मलाच कसंनुसं होतं. ती मात्र सरळ सांगते, "कुत्र्यांचं काही नाही हो, माणसांनी नाकी नऊ आणलेत." संध्याकाळी घरी येते ती अंगाला फिनेलचा वास आणि नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच.

त्या दिवशी तिला सकाळपासून कणकण होती. घरीच राहा म्हटलं, तर ऐकेल तर शपथ. गेली ती गेली, वर डबा ओट्यावर विसरून गेली. मग काय, दुपारी मी चरफडत डबा घेऊन निघाले.

निवाऱ्यात भुंकण्यानं कान किटले होते. ही टेबलापाशी उभी राहून फोनवर तिच्या साहेबांशी भांडत होती.

"अहो साहेब, कुत्रा पिसाळलेला नाही तर मारू कशी? आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींचा दबाव आहे हा काय आजार झाला?" फोन ठेवला आणि माझ्यावर घसरली. "म्हणे, जमत नसेल तर उद्या दुसऱ्या डॉक्टरला पाठवतो, तो देईल इंजेक्शन. आणि तो देईलही, ताई! बघ जरा, कुणाला पकडून आणलंय."

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात आमचा जावई बसला होता.

जावई म्हणजे आमच्या इमारतीच्या पायरीवरचा म्हातारा कुत्रा. कामधंदा काही नाही, दिवसभर पायरी अडवून बसायचं आणि वेळेवर खायला मिळालं नाही की रुसायचं, म्हणून सासऱ्यांनीच हे नाव ठेवलं होतं. आदल्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींच्या पोटरीला कुत्रा चावला, त्यांनी सगळी इमारत डोक्यावर घेतली आणि निवाऱ्याची गाडी येऊन जावयाला घेऊन गेली. मी नेमकी दिवसभर बाहेर होते, त्यामुळे मला याचा पत्ताच नव्हता.

"अगं, पण याला तर दातच नाहीत!" मी म्हटलं.

"मीच काढलेत, मला ठाऊक नाही होय?"

तेवढ्यात सेक्रेटरी लंगडत हजर झाले. कुत्रा मेलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होणार नव्हतं. हिनं सरळ पिंजरा उघडला, जावयाचा जबडा फाकवला आणि आपला अख्खा हात आत घातला.

"हं, चाव," ती त्याला म्हणाली.

जावयानं तिचा हात चाटला.

"आता तुमची पोटरी दाखवा. चार दातांची भोकं आहेत ना? ती काय यानं उसनी कवळी लावून पाडली?"

सेक्रेटरींचा चेहरा पडला. "मग मला चावलं कोण?"

"ते या शहाण्यांना विचारा!" ती दारात उभ्या असलेल्या, कुत्री पकडणाऱ्या गाडीवाल्यावर उखडली. "दर वेळी हेच. चावणारा गाडीचा आवाज ऐकूनच गुल होतो, आणि शेपूट हलवत जवळ येतो त्याला तुम्ही उचलता. एकदा तोंड उघडून बघायला काय होतं?"

"आम्ही काय करणार, मॅडम?" गाडीवाला म्हणाला. "बोट दाखवतील तो उचलायचा. पायरीवरच्या आजोबांनी स्वतः हाक मारून बोलावला त्याला."

पायरीवरचे आजोबा म्हणजे आमचे सासरे.

येताना जावयाला आम्ही गाडीतून बरोबरच आणलं. सासरे पायरीवर खुर्ची टाकून बसले होते.

"बाबा, याला तुम्ही दाखवलंत?" तिनं विचारलं.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "सेक्रेटरी डोक्यावर येऊन बसला होता गं. त्याला चावली ती टाकीमागची कुत्री. हा सेक्रेटरी पहाटे अंधारात न बघता तिच्या पिल्लांत पाय टाकून बसला, मग ती काय करणार? तिला नेली असती तर पिल्लं मेली असती. म्हणून मी याला हाक मारली. म्हटलं, आपली सून तिथेच आहे, सोडवेल."

"मला सांगितलंत का?"

"तू चिडशील म्हणून…"

आता ही घर डोक्यावर घेणार म्हणून मी तयारीतच होते. पण दिवसभर आरडाओरडा करणारी ती बाई एकदम खालच्या आवाजात बोलली. "बाबा, आज मला ताप होता. ताई रजा टाक म्हणत होती. टाकली असती तर?"

ती तशीच टाकीमागे कुत्रीला बघायला गेली.

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. शेवटी त्यांनी डोळ्यांना पंचा लावला.

मला तर त्या कुत्र्याचाच राग आला. अरे, निदान आज तरी रुसायचं होतंस! एरवी भाकरीच्या तुकड्यावरून दिवसभर तोंड फिरवून बसणारा हा जावई, हाक मारायच्या आतच उठला आणि शेपूट हलवत सासऱ्यांच्या पायाशी जाऊन बसला.